सत्काराच्या वहाणा

पायांतल्या वहाणा काढून ठेवल्यानं गोटीराम विधातेचा काय फायदा होणार होता, याचा हिशेब मेन रोडवरच्या एकूण एक दुकानदारानं करून ठेवला होता. नगरपालिकेचं तिकीट, असं कोपऱ्यावरचा पानवाला म्हणे. तिकीट कसलं, सभेत पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली तरी पुष्कळ, असं समोरचा कापडवाला. सासरकडच्या लग्नकार्यांना दांडी मारायला सबळ कारण, असं त्याचा मेव्हणा. तो ज्या दुकानात नोकरीला होता त्या ‘आराम पादत्राण भांडारा’चे मालक यादवशेठ यांचा हिशेब सगळ्यांत पक्का. चपलांच्या दुकानात अनवाणी नोकर आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक बघायला येतं, आलेलं बसतं, आणि बसलेल्याच्या पायात आपण काहीतरी घातल्याशिवाय राहत नाही. गोटीरामनं स्वतः हिशेब केलाच नव्हता असं मात्र कोणी समजू नये. त्याच्या मनात जमेच्या बाजूला एकच बाब होती आणि ती त्यानं कोणाला दाखवली नव्हती. मिसरूड फुटल्यापासून तो एका बुटक्या स्टुलावर बसून लोकांचे पाय मांडीवर घेत आला होता. लोक बोलत ते त्याच्या डोक्यावरून. एकदा, निदान एकदा, लोकांनी खाली वाकून आपल्या पायांकडं बघावं, एवढंच त्याला हवं होतं. ते त्याला मिळालं. मिळाल्यावर पुढं त्याचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आणि हे सगळं पुन्हा उकरून निघालं ते ऐंशी सालच्या रंगपंचमीच्या सकाळी, मेन रोडच्या मधोमध, त्याच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा.

अंगठा तुटताना आवाज होत नाही. पाय पुढं जातो आणि चप्पल मागं राहते, एवढंच. उघड्या तळव्याला डांबराचा सकाळचा गारवा लागला आणि गोटीरामच्या अंगातून काहीतरी सरसरत वर गेलं. भय नव्हतं ते, ओळख होती. खूप दिवसांनी कोणी जुन्या नावानं हाक मारावी तसं. या जागी खडी जरा वर आलेली आहे, पुढं कापडवाल्याच्या पायरीपाशी पाणी मारलेलं असतं, त्याच्यापुढं सायकलवाल्याच्या दुकानासमोर लोखंडाचा कीस पडलेला असतो, तिथून कडेकडेनं जायचं. हे सगळं पायाला तोंडपाठ होतं. डोक्याला सगळं विसरायला तीन वर्षं लागली होती, पाय काही विसरला नव्हता. तो एक पाय चपलेत आणि एक पाय बाहेर असा थांबला, आणि थांबायलाच नको होतं. पानवाल्यानं चुन्याची काडी वर धरून आरोळी ठोकली, “काय गोटीरामभाऊ, अर्धाच नवस का या खेपेला?” कापडवाला कशाला मागं राहील? म्हणाला, “अहो, दिल्लीत बाई परत आल्या म्हणून एक पाय काढला. दुसरा मुंबईसाठी राखून ठेवलाय!” गोटीराम हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता. दुसरी चप्पल काढून दोन्ही हातात घ्याव्यात आणि सरळ चालू लागावं, कोणीही तेच केलं असतं. पण त्यानं दुसरी काढली असती तर दुपारपर्यंत सगळ्या नाशकात झालं असतं की गोटीराम पुन्हा अनवाणी झाला. म्हणून तो माणूस, सगळ्या गावाला धड चालायला लावणारा, बोटांनी चप्पल आवळून धरत, फरफटत, एका बाजूला कलंडत दुकानापर्यंत गेला.

चपला साध्यासुध्या नव्हत्या, सत्काराच्या होत्या. पुंजारामअण्णांनी सत्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, दोन हजार माणसांसमोर, आपल्या हातानं त्याच्या पायात घातल्या होत्या. आणि पुंजारामअण्णा म्हणजे काय, हे त्या वेळी नाशकात सांगावं लागत नव्हतं. वकिली सोडून चळवळीत पडलेला माणूस, दणदणीत आवाज, पण दिवाळीला दुकानात आला की नंबर मात्र नेहमी एकानं कमी सांगणार. “आठ दे रे.” पाय नऊचा. गोटीराम कधी बोलला नाही. गुपचूप नवाचाच जोड आणायचा आणि म्हणायचा, “आठच आहे अण्णा, जरा सैल माल आलाय.” पंच्याहत्तरच्या जूनमधली, आणीबाणी लागली तेव्हाची गोष्ट. अण्णा असेच बसले होते, डावी चप्पल घालून झाली होती, उजवा पाय गोटीरामच्या मांडीवर होता, आणि दुकानाच्या पायरीवर दोन शिपाई आणि एक साहेब येऊन उभे राहिले. साहेब फार अदबीनं बोलला. अण्णाही अदबीनं उठले. म्हणाले, “दुसरी राहू दे गोटीराम. आलो की घालीन.” आणि एक पाय नव्या चपलेत, एक पाय उघडा, असे ते जीपमध्ये चढले. मांडीवर पायाचं वजन राहून गेलं. गोटीरामला आजही, मन लावलं तर, डाव्या मांडीवर ते वजन जाणवतं. त्या दिवशी दुकानात, रस्त्यात, कोणी काही बोललं नाही; बोलायची सोयच नव्हती. सगळ्या मेन रोडनं एकदम मान खाली घातली. गोटीरामची मान तर खालीच असायची, त्यामुळं त्याला आणखी काहीतरी करावंसं वाटलं. त्यानं आपल्या चपला काढल्या, अण्णांच्या राहिलेल्या एका चपलेशेजारी फळीच्या खाली सरकवल्या आणि यादवशेठला म्हणाला, “हे राज्य जाईपर्यंत पायात घालणार नाही.” यादवशेठ म्हणाले, “दुकानात तरी घाल.” तो म्हणाला, “नाही.” इतकं सरळ ‘नाही’ तो त्याआधी कोणाला म्हणाला नव्हता. ते ‘नाही’ खरं होतं. पुढं त्याच्यावर पुष्कळ पुटं चढली, पण आतलं ते खरं होतं, हे त्याच्या बाजूनं मांडायला हवं.

पुढची पावणेदोन वर्षं पायांनी पाहिली. सराफ बाजारातली फरशी कशी गुळगुळीत आणि थंड, भांडीबाजारात पितळेचा बारीक तुकडा कसा आठवडाभर टाचेत बोलत राहतो, गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीवरच्या, पायऱ्यांवर शेवाळ कुठं सुरू होतं, होळकर पुलावर एप्रिलच्या दुपारी सावली कुठं मिळते. सकाळी पंचवटीतून येताना त्याला वाटायचं, हे गाव आपण डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आणि लोक बघायचे. स्टुलावर बसून तो दुसऱ्याच्या पायात चप्पल सरकवत असताना गिऱ्हाईक आधी त्याच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघायचं, मग त्याच्या तोंडाकडं, आणि मग आवाज उतरवून विचारायचं, “गोटीरामभाऊ, फार दुखतं का हो?” ‘अरे गोटीराम’चा ‘गोटीरामभाऊ’ झाला तो तिथं. घरी ठमाबाई रात्री आमसुलाचं तेल गरम करून त्याच्या टाचांना लावायची आणि म्हणायची, “पाय हाय का नांगरल्यालं वावर हाय!” ठमाबाई माळ्याची, मखमलाबादकडची, तिच्या भावाच्या मळ्यातली शेवंती-झेंडू-गुलाब पहाटे फुलबाजारात विकून ती घरी येई तेव्हा तो दुकानात जायला निघालेला असे. त्यामुळं नवरा-बायकोची गाठ बहुधा चुलीपाशी आणि तेलाच्या वाटीपाशीच पडे. मग सत्याहत्तर आलं. राज्य गेलं. अण्णा सुटून आले, वाळलेले, दाढी पिकलेली. गोल्फ क्लबच्या मैदानावर सभा झाली आणि अण्णांनी, गोटीरामला खुर्चीवर बसवून, स्वतः खाली बसून, त्याच्या पायात कोल्हापुरी चपला घातल्या. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गोटीरामला चपला नीट बसल्या की नाही हे कळलंच नाही. घरी जाताना कळलं. एक नंबर मोठ्या होत्या. पुढाऱ्याचा माप घेण्याचा धंदा नव्हे, असं म्हणून त्यानं पुढच्या बाजूला कापूस कोंबला आणि तीन वर्षं त्याच वापरल्या. दुसऱ्या घालायचा धीर झाला नाही. सत्कारालाच नाकारल्यासारखं झालं असतं.

चपला सैल होत्या तसंच सगळंच सैल होत गेलं. अण्णा आधी एका गटात होते, मग दुसऱ्या, मग ज्या गटात होते तो गटच राहिला नाही. एकोणऐंशीच्या जुलैत दिल्लीतलं आपलं म्हणावं असं सरकार पत्त्याच्या बंगल्यासारखं पडलं आणि ते कोणी पाडलं यावर जे भांडले ते सगळे तुरुंगात एकाच बराकीत होते. त्या आठवड्यात गोटीरामच्या छातीत एक गोळा बसला. दुखत नव्हता, नुसता असायचा. घास गिळताना, जिना चढताना. डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, काही नाही, वर्तमानपत्र वाचू नका. गोटीरामनं वर्तमानपत्र सोडलं. देश सुधारत नसेल तर निदान एक माणूस तरी सुधारावा म्हणून त्यानं चहाही सोडला, पहाटे कोमट पाण्यात लिंबू पिळून घेऊ लागला, गंगेच्या काठानं लांब लांब पावलं टाकत फिरू लागला, कोणाशीही वरच्या पट्टीत बोलायचं नाही असं ठरवलं. तीन आठवड्यांत लिंबानं त्याचं पोट बिघडलं, चहावाचून दुपारी डोकं दुखू लागलं, आणि वरच्या पट्टीत न बोलण्याच्या नादात तो यादवशेठशी इतक्या हळू बोलू लागला की शेठनी विचारलं, “अरे, कोण वारलं?” आणि वर्तमानपत्र तरी सुटणार कसं? चपला-बुटांच्या धंद्यात वर्तमानपत्र वाचायला लागत नाही, बुटातून बाहेर काढावं लागतं. बुटांचा चवडा बसू नये म्हणून कंपनीवाले त्यात जुना कागद कोंबतात. गिऱ्हाईकासमोर बुटात बोटं घालून तो बोळा ओढून काढायचा आणि फेकायचा, हे गोटीरामच्या हाताचं काम. महिन्यापूर्वी एका मुलाच्या शाळेच्या बुटातून बोळा निघाला, हाताच्या सवयीनं त्यानं उलगडला, तर सत्याहत्तरच्या मार्चमधलं पान: मोठ्ठं शीर्षक, विजय, लोकशाही, आणि खाली हार घातलेले चेहरे, बुटाच्या आकारानं चुरगळून लांबट झालेले. पोराची आई म्हणाली, “अहो, लागतोय का बघा ना.” गोटीरामनं कागद पुन्हा चुरगळला. त्याच्या ध्यानात आलं की ज्या विजयाच्या आनंदात आपण दोन दिवस जेवलो नव्हतो, तो तीन वर्षं एका बुटात बसून बुटाचा आकार राखत होता. तेवढं तरी काम केलं त्यानं. छातीतला गोळा त्या दिवशी थोडा हलला होता. पण मग आठ दिवसांपूर्वी अण्णांचा निरोप आला: पुन्हा चपला सोड.

आणि रंगपंचमीच्या सकाळी, तो तुटलेला अंगठा सुतळीनं बांधत स्टुलावर बसला असताना, अण्णा स्वतःच आले. बुटात होते. मोजे घातलेले. “आलंच बघ देवाच्या मनात,” ते चपलेकडं बघून म्हणाले. “तुटली ना? हाच शकुन. पाडव्याला कार्यक्रम ठेवतो. माझ्या हातानं घातल्या होत्या, माझ्याच हातानं काढून घेतो. गोटीराम विधाते पुन्हा अनवाणी! गाव हलेल. नगरपालिका लागू दे, वॉर्ड तुझा. मी शब्द टाकलाय वर.”

“पण अण्णा,” गोटीराम सुतळीची गाठ दातानं आवळत म्हणाला, “या वेळी कोणाविरुद्ध?”

“म्हणजे काय? सरकारविरुद्ध.”

“नाही, मुंबईतलं तर बरखास्त झालं ना मागल्या महिन्यात. तिथं आता राष्ट्रपती राजवट. राष्ट्रपतींच्या विरुद्ध का अनवाणी चालू मी?”

यादवशेठ गल्ल्यावर खोकले. अण्णांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. “चेष्टा करू नकोस. दिल्लीच्या विरुद्ध. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“आणि तुम्ही, अण्णा? तुम्हीही काढाल ना?”

“माझी शुगर आहे बाबा. डॉक्टरनं सक्त सांगितलंय, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही.” हे खरं होतं, आणि ते सांगताना अण्णांचा आवाज एकदम वकिलाचा न राहता म्हाताऱ्याचा झाला. गोटीरामला त्यांची दया आली, आणि दया आली याचाच राग आला. “संध्याकाळी घरी येतो,” अण्णा उठत म्हणाले. “होय का नाय, एका शब्दात. पत्रक छापायला टाकायचंय.” पायरी उतरताना ते किंचित लंगडले. उजवा बूट. तोच पाय, जो जीपमध्ये उघडा गेला होता. गोटीरामला वाटलं, विचारावं, अण्णा, ती दुसरी चप्पल अजून फळीखाली आहे, घेऊन जाता का? पण पाच वर्षांनी एकच चप्पल माणसाला कशी द्यायची? घेणाऱ्यानंसुद्धा ती कुठं घालायची?

त्या दिवशी दुकान अर्धाच वेळ होतं. रंगपंचमीला जुन्या नाशकात कोणी बूट घ्यायला येत नाही. लोक पायातले काढायला निघालेले असतात. दुपारी शेठनी फळ्या लावल्या आणि गोटीराम सुतळीच्या चपलेनं फट्-फर्र, फट्-फर्र करत रहाडीच्या चौकाकडं ओढला गेला. ओढलाच गेला, ठरवून गेला नाही. रहाड म्हणजे चौकाच्या पोटातला दगडी हौद. वर्षभर त्याच्यावर फळ्या आणि माती, वरून गाड्या जातात, पोरं गोट्या खेळतात, आणि खाली एवढी मोठी पोकळी आहे हे कोणाच्या मनातही नसतं. रंगपंचमीला ती उघडतात, फुलांचा रंग मोठ्या काहिलीत उकळून तिच्यात ओततात, मानकरी पूजा करतात, आणि मग सगळा चौक एकामागून एक तिच्यात उडी टाकतो. धप्पा मारतो. ज्याच्या उडीनं पाणी जास्त उंच जाईल तो शहाणा. या चौकातला रंग पिवळा. गोटीराम लहानपणी दरवर्षी धप्पा मारायचा, मग संसारानं थांबला, मग अनवाणीपणाच्या प्रतिष्ठेनं. कोणी पुढारी हौदात उडी टाकत नाही. हौदाभोवती चपलांचा ढीग पडला होता. शेकडो. गोटीरामच्या नजरेनं आपलं काम सुरू केलं. हा उजव्या टाचेवर जोर देणारा, हा भावाची घालून आलाय, हा स्लिपरचा डावा पाय दोनदा शिवलेला. मग त्यानं आपल्या सत्काराच्या चपला काढल्या आणि त्या ढिगावर ठेवल्या. काही नवस नव्हता. उडी मारायची तर चपला काढाव्या लागतात, बस्स. एवढ्या साध्या कारणासाठी आपण पायातलं काही काढतोय याचं त्यालाच नवल वाटलं. आणि त्यानं, पन्नाशीला टेकलेल्या माणसानं, धोतर खोचून, डोळे मिटून धप्पा मारला.

पाणी कोमट होतं. ते एकदम कानांत, नाकात, डोळ्यांच्या मागं गेलं. वरचा चौक, ढोल, आरोळ्या, सगळं कोणी तरी गोधडी टाकावी तसं बंद झालं. त्या पिवळ्या अंधारात त्याला आपल्या छातीतला गोळा स्पष्ट दिसला. दिसला म्हणजे काय, जाणवला, पण डोळ्यांनी बघितल्यासारखा. तो देशाचा नव्हता. सरकार पडलं याचा नव्हता. लोक आता आपल्या पायांकडं बघत नाहीत, याचा होता. एवढासाच होता, बोराच्या आठळीएवढा. एवढ्यासाठी आपण लिंबू पीत होतो! तळाच्या दगडावर पाय टेकले, त्यानं लाथ मारली आणि तो वर आला, नाकातून पिवळं पाणी उडवत, खो खो हसत. शेजारच्या पोरानं विचारलं, “बाबा, गिळलं का पाणी?” तो म्हणाला, “गिळलं असंल थोडं. जाऊ दे.” हौदाच्या काठावर चढला तेव्हा ढिगावर चपला नव्हत्या. त्याच्या नव्हत्या. आणि मग त्यानं पाहिलं: चौकाच्या तोंडाशी, पाठीला पिवळा धबधबा, एक आडदांड हमाल सत्काराच्या चपला घालून चालला होता. सुतळीच्या गाठीसकट. ओरडायला गोटीरामचं तोंड उघडलं. पण नजर आधी खाली गेली, धंद्याची खोड, आणि नजरेनं निर्वाळा दिला की चपला त्या माणसाला अगदी चपखल बसल्या आहेत. मागून टाच बाहेर नाही, पुढं जागा नाही. कापूस त्यानं काढून टाकला असणार. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या चपला कोणाच्या तरी मापाच्या झाल्या होत्या. गोटीरामनं तोंड मिटलं. पुलावरून घरी जाताना तो उघड्या पायांनी गेला आणि कोणी विचारलं नाही, का; रंगपंचमीला अर्धं गाव तसंच घरी जातं. रस्ता नुसता रस्ता होता. इथं खडी, तिथं गारवा, कुठं पाणी. कशाचंही काही प्रतीक नव्हतं, आणि त्यानं इतकं हलकं वाटलं की मधेच थांबून त्यानं पुलाच्या कठड्यावर हात ठेवून एक शीळ घातली. शीळ घालता येते हे तो विसरला होता.

घराच्या ओट्यावर आधीच पिवळी पावलं उमटलेली होती. ठमाबाई रहाडीच्या पूजेचे हार घेऊन गेली होती, पोरांनी तिलाही चिंब केलेलं. ती त्याच्या आधी येऊन मागच्या दारी लुगडं पिळत होती. शहाबादी फरशीवर तिची पावलं उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत गेली होती, वाळत आलेली, स्वच्छ. गोटीराम त्यांच्या शेजारून आत आला आणि त्याचीही उमटली. मग तो थांबला. आयुष्यभर त्यानं पाय बघितले होते, ठसे कधी नाही. पण ठसा म्हणजे पायानं स्वतः लिहून दिलेलं माप. त्याच्या ठशात टाचा भरून आल्या होत्या, तीन वर्षांच्या चपलांनी बोटं पुन्हा जवळ आली होती. शेजारचा ठसा लहान, आणि बोटं पंख्यासारखी पसरलेली, अंगठा बाजूला पडलेला, टाचेच्या पिवळ्या चंद्रावर पांढऱ्या भेगांचं जाळं. हा पाय चपलेतला नव्हता. हा पाय कैक वर्षं चपलेत नव्हता. असा पाय त्यानं एकदाच जवळून पाहिला होता, सत्याहत्तरच्या सभेआधी, स्वतःचा.

“अगं,” त्यानं हाक मारली. “तुझ्या चपला कुठं आहेत?”

“कोंच्या?” ठमाबाई लुगड्याचा पीळ धरून दारात आली.

“तुझ्या. त्या लाल पट्ट्याच्या. मी आणलेल्या.”

“त्या व्हय! त्या नणंदबाईला देऊन टाकल्या की. तुमी उघड्या पायानं हिंडायला लागले, तवाच.” ती हसली, त्याच्या पिवळ्या मिशा बघून. “तुमी पुढं अनवानी, आन् मी मागनं फटक फटक वाजवत चालू? चांगलं दिसतं का?”

“पण मी घातल्या की पुन्हा! सत्याहत्तरात!”

“तुमाला अन्नांनी घातल्या. टाळ्या वाजल्या,” ठमाबाई म्हणाली. रागानं नाही, भाव काय म्हणून विचारणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं. “मला कोन म्हनलं, ठमे, झालं आता, सोड?”

“मी दिवाळीला विचारलं होतं, नव्या चपला हव्यात का म्हणून. दरसाल विचारतो. तूच म्हणायचीस, हायेत की.”

“मग काय म्हनू? चपलाच्या दुकानातल्या मान्सानं बायकूच्या पायाकडं बघायचं का बायकूला इचारायचं?” आणि मग, तो तसाच उभा राहिलेला बघून, ती जरा मऊ झाली. “आवो, सवय झाली. लय काय नाय. फुलबाजारात सदा चिखल, तिथं तसंबी हातातच घ्याव्या लागत्यात.”

गोटीराम खाली बसला. फरशीवर, तिच्या पावलांच्या शेजारी. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आलं ते हसू, आणि हसूच्या मागून एक मोठा श्वास, जो जाताना त्या बोराच्या आठळीचं उरलेलं सालपटही घेऊन गेला. त्या वर्षांत रोज रात्री ती त्याच्या टाचांना तेल लावायची तेव्हा तिच्या टाचा कुठं होत्या? मांडीखाली. कामाला वाकलेली बायको पाय मांडीखालीच घेते. “ये इकडं,” तो म्हणाला. “पाय दे.” “कशाला?” “दे म्हणतो ना.” “आवो, नवऱ्यानं बायकूचे पाय धरायचे? काय पाप-बिप?” “दिवसभर साऱ्या गावाचे धरतो, तेव्हा नाही पाप लागत?” ठमाबाईनं पदर तोंडाला लावला, भिंतीला टेकली आणि एक पाय पुढं केला, आणि गोटीरामनं तो धंद्याच्या पद्धतीनं डाव्या मांडीवर घेतला. वजन बसलं. ज्या जागी पाच वर्षं दुसरंच एक वजन बसून होतं, त्या जागी. वीत घेतली, बोटांनी चवड्याची रुंदी धरली, अंगठ्याचं हाड चाचपलं. भेगेला बोट लागलं तेव्हा तिनं पाय थोडा ओढला. “दुखतं का?” त्यानं विचारलं, आणि आवाज आपोआप उतरला, ज्या आवाजात एके काळी सगळं गाव त्याला विचारायचं. “आता दुखलं,” ती म्हणाली. “इचारलं म्हून.”

तेवढ्यात दारात बुटांचा आवाज आला. पुंजारामअण्णा उंबऱ्यावर उभे होते, दिवसाच्या शेवटच्या उजेडात, आणि आतलं दृश्य बघून त्यांनी मान वळवावी की नाही हे त्यांना ठरवता येईना. ठमाबाईनं पाय ओढायचा प्रयत्न केला, गोटीरामनं घट्ट धरला.

“काय ठरलं मग, गोटीराम?”

“पाच नंबर, अण्णा,” गोटीराम वर न बघता म्हणाला. “पण चवडा फार पसरलाय. सहाचा द्यावा लागेल.”

“अरे, मी विचारतोय काय...”

“तेच सांगतोय. या घरातला अनवाणीपणा आज संपला. मला वाटलं होतं तीन वर्षांपूर्वीच संपला, पण तसं नव्हतं.” मग त्यानं वर बघितलं. अण्णा खरोखर थकलेले दिसत होते. “बसा अण्णा. चहा घ्या. बिनसाखरेचा करायला सांगतो. मीपण आजपासून पुन्हा घेतोय. आणि ते बूट काढा, आठाचे आहेत, तुमचा पाय नऊचा. म्हणून लंगडता. पंधरा वर्षं मी तुम्हाला नऊचेच देत होतो, सांगत नव्हतो.”

अण्णांनी आपल्या बुटांकडं बघितलं. रागावतील असं ठमाबाईला वाटलं. पण ते उंबऱ्यावर टेकले आणि बूट काढायला वाकले, आणि बूट निघाल्यावर त्यांच्या तोंडून जो ‘हुश्श’ निघाला, तसा त्यांच्या एकाही भाषणातून कधी निघाला नव्हता. पत्रकाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी पानवाल्यानं विचारलंच, “काय भाऊ, काय मिळालं शेवटी?” आणि मेन रोडनं नव्यानं हिशेब मांडला. वॉर्ड गेला, खुर्ची गेली, चपलाही गेल्या, म्हणजे गोटीराम बुडाला, असा सगळ्यांचा निकाल पडला. पण हिशेब असा की अण्णांनी भरली एक चप्पल, जिची जोडीदार अजून फळीखाली होती. गोटीरामनं भरली पावणेदोन वर्षं, आणि त्याची परतफेड टाळ्यांनी, हारांनी आणि ‘भाऊ’पणानं पुरेपूर झाली, घेणं काही राहिलं नव्हतं. हमालानं काही भरलं नाही, आणि सगळ्यांत चांगला सौदा त्याचाच झाला. बाकी जे काही या सगळ्याला लागलं, ते सगळं ठमाबाईनं भरलं, न कळवता, टाचांतून, राज्य गेलं तरी आणि आलं तरी, कारण भरणं थांबवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला मिळाली सहा नंबरची लाल पट्ट्याची चप्पल. ती चार दिवस चावली, आणि ते चारही दिवस ती फुलबाजारात सगळ्यांना दाखवून दाखवून लंगडली.